पंचनाम्याची प्रत

(मेहकर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते शिक्षक होते, पण शाळा सुटली की वावरात असायचे. त्यांच्या नावाने बोलायचं तर शेतीच्या थोरवीवर बोलण्यापेक्षा शेतीतल्या एखाद्या रोकड्या प्रश्नावर बोलावं, असं मला वाटलं. म्हणून विषय निवडला तो आपल्या ओळखीचा. नैसर्गिक आपत्तीनंतर सरकारकडून जो पैसा येतो, ज्याला आपण गावात सरसकट ‘अनुदान’ म्हणतो, तो कोणत्या वाटेने येतो, कुठे अडतो आणि कोणाच्या हातात पडतो, हे मला आज मांडायचं आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आपण बोलताबोलता करतो, घाटावरचे तालुके आणि घाटाखालचे. आपत्तीही दोन्हीकडे वेगळी येते. 2023 च्या जुलैमध्ये घाटाखाली, संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत, एका रात्रीत पावसाने होत्याचं नव्हतं केलं. सातपुड्यातून उतरणारे नदीनाले पात्र सोडून वावरांत शिरले, आणि पाणी ओसरल्यावर कित्येक ठिकाणी पीक तर नव्हतंच, पिकाखालची मातीही नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर घाटावर गारपीट झाली. देऊळगाव राजा, सिंदखेडराजा, लोणार या पट्ट्यात बियाण्यासाठी मिरची-टोमॅटो घेणाऱ्या शेतकऱ्यांची शेडनेट कापडासारखी फाटली. 2025 च्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाळी आपली होती. पैनगंगा या मेहकरात कशी आली ते तुम्ही पाहिलं आहे, मी सांगायला नको. पेरून पंधरा दिवस झालेली सोयाबीन गेली. दुबार पेरणी केली, तर सप्टेंबरच्या पावसाने तीही शेंगा भरताना पाण्यात उभी राहिली.

पाण्यात उभी राहिलेली सोयाबीन जवळून पाहावी लागते. लांबून पीक चांगलं दिसतं. जवळ गेलं की शेंगेवर काळी बुरशी दिसते, शेंग चिमटीत दाबली की आतला दाणा फुगलेला, मऊ, आणि काही शेंगांतून पांढरा कोंब बाहेर आलेला असतो. असं पीक सोंगायलाही परवडत नाही आणि उभंही ठेवता येत नाही, कारण हरभऱ्यासाठी रान मोकळं करायचं असतं. मग शेतकरी त्यात रोटाव्हेटर घालतो. आणि इथेच पहिली अडचण उभी राहते: रोटाव्हेटर फिरवला, पंचनामा करणारे नंतर आले, तर दाखवायचं काय?

पंचनाम्याकडे येतोच. त्याआधी दराबद्दल बोलतो, कारण वर्तमानपत्रांत चर्चा त्याचीच होते.

केंद्र सरकारने आपत्ती प्रतिसाद निधीचे निकष ठरवलेले आहेत. नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मदत. ही अट 2015 पर्यंत 50 टक्क्यांची होती. कोरडवाहू पिकाला 2015 च्या निकषांत हेक्टरी 6,800 रुपये होते, 2022 पासूनच्या निकषांत 8,500 झाले; बागायतीला 17,000, बहुवार्षिक पिकांना 22,500, आणि मर्यादा दोन हेक्टरची. हे झालं केंद्राचं. राज्य त्यावर आपली भर घालतं, आणि ती भर दरवर्षी निराळी असते. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपती राजवट असताना राज्यपालांनी खरिपाला हेक्टरी 8,000 जाहीर केले. 2020 मध्ये 10,000 झाले. 2022 च्या ऑगस्टमध्ये नव्या सरकारने तेव्हाच्या दराच्या दुप्पट, म्हणजे 13,600 आणि तीन हेक्टरपर्यंत, असा निर्णय केला. 1 जानेवारी 2024 च्या शासन निर्णयातही 13,600 आणि तीन हेक्टर होते. 30 मे 2025 ला, म्हणजे नेमकं पावसाच्या तोंडावर, तो वाढीव दर मागे घेऊन पुन्हा 8,500 आणि दोन हेक्टर केलं. मग सप्टेंबरचे पूर आले, राज्यभर आक्रोश झाला, आणि 7 ऑक्टोबर 2025 ला मुख्यमंत्र्यांनी 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात 8,500 च्या जोडीला रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी 10,000, असे कोरडवाहूला 18,500 झाले आणि मर्यादा पुन्हा तीन हेक्टरवर आली.

वावर तेच, सोयाबीन तीच, आणि पाऊसही तसाच. तरी एका हेक्टरचं मोल कधी 8,000, कधी 13,600, कधी 8,500, कधी 18,500. हे आकडे नुकसानीच्या हिशेबातून आलेले नाहीत. निवडणूक किती जवळ आहे, विरोधक किती जोरात आहेत, पूर किती जिल्ह्यांत आला आणि टीव्हीवर किती दिसला, यावर ते ठरलेले आहेत. पूर एकाच तालुक्यात आला तर त्या तालुक्याच्या वाट्याला मूळ निकष येतात, एकोणतीस जिल्ह्यांत आला तर पॅकेज येतं. ज्याचं वावर गेलं त्याला मात्र शेजारच्या जिल्ह्यात काय झालं याने फरक पडत नाही.

8,500 म्हणजे एकरी सुमारे 3,400 रुपये. बियाण्याची एक बॅग आणि 1,350 रुपयांचं डीएपीचं एक पोतं आणल्यावर त्यातून काय उरतं, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

पण माझं आजचं मुख्य म्हणणं दराविषयी नाही. दर वाढवून मिळावा म्हणून मोर्चे निघतात, निघावेत; आपल्या जिल्ह्याने सोयाबीन-कापसाच्या आंदोलनात लाठ्या खाल्ल्या आहेत. मला सांगायचं आहे ते असं की दर कितीही वाढला तरी तो पैसा एका कागदावरून चालत येतो, आणि तो कागद शेतकऱ्याने कधी पाहिलेला नसतो. तो कागद म्हणजे पंचनामा.

पंचनामा होतो कसा? महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरली जाते. एका मंडळात पुष्कळ गावं, आणि पर्जन्यमापक एखादं. पाऊस मंडळाच्या एका टोकाला पडतो, यंत्र दुसऱ्या टोकाला कोरडं असतं. त्यावर उपाय म्हणून 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सततच्या पावसालाही आपत्ती मानलं, ती चांगली गोष्ट झाली. मग आदेश निघतात, आणि तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक अशा तिघांनी मिळून संयुक्त पंचनामे करायचे असतात. या तिघांवर मी राग काढणार नाही. एकेका तलाठ्याकडे तीन-तीन गावं, पाऊस चालू, रस्ते वाहून गेलेले, आणि वरून आठ दिवसांत अहवाल द्या म्हणून फोन. हजारभर खातेदारांचे बांध आठ दिवसांत तुडवणं माणसाला शक्य नाही. मग काय होतं ते सगळ्या गावांना ठाऊक आहे. पारावर किंवा ग्रामपंचायतीत बसून यादी होते. जो हजर असतो त्याचं क्षेत्र बरोबर लागतं. जो दवाखान्यात असतो, मजुरीला पुण्याला गेलेला असतो, किंवा जी बाई चारचौघांत पुढे येऊन बोलत नाही, तिचं नाव राहून जातं, नाहीतर दोन हेक्टरांचे वीस गुंठे होतात.

मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. नदीकाठचं दोन एकर वावर, वरचा थर पुराने नेलेला, खाली मुरूम उघडा पडलेला. पंचनाम्याच्या नमुन्यात शेतकऱ्याचं नाव, गट क्रमांक, पीक, पेरलेलं क्षेत्र, बाधित क्षेत्र असे रकाने. कर्मचाऱ्याने ‘पिकाचं नुकसान’ या रकान्यात आकडा लिहिला, शेतकऱ्याची सही घेतली आणि तो पुढच्या बांधाकडे निघाला. जमीन खरडून गेल्याची नोंद झालीच नाही. पिकाच्या नुकसानीला हेक्टरी 8,500. जमीन खरडून वाहून गेली तर अल्प व अत्यल्पभूधारकाला हेक्टरी 47,000. नुसता गाळ साचला असेल तर तो काढायला 18,000. 2025 च्या पॅकेजात तर खरडलेल्या जमिनीला 47,000 शिवाय रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं धरली आहेत. त्या शेतकऱ्याला हे सगळं गमवावं लागलं ते कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. आपण कशावर सही केली हे त्याला वाचायला मिळालं नाही, आणि सही केलेल्या कागदाची प्रत त्याच्याजवळ राहिली नाही. चार महिन्यांनी यादी लागली तेव्हा त्याला कळलं. तोवर शासनाचा अहवाल वर गेला होता, निधी मंजूर झाला होता, आणि फेरपंचनाम्यासाठी मुरूम उघडा आहे हे दाखवायलाही उशीर झाला होता, कारण त्याने कर्ज काढून तिथे माती ओतली होती.

दुकानदार वीस रुपयांच्या मालाची पावती देतो. बँक शंभर रुपये भरले तरी शिक्का मारून चिठ्ठी देते. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या उत्पन्नाचा निवाडा ज्या कागदावर होतो त्याची प्रत मात्र सहसा त्याला मिळत नाही. ती मागायला माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागतो आणि तीस दिवस थांबावं लागतं.

आता दुसरा अडसर, सातबारा. मदत सातबाऱ्याच्या मागे जाते, नांगरामागे जात नाही. जो बटईने किंवा मक्त्याने वावर करतो त्याने बियाणं घातलं, खत घातलं, फवारणी केली, आणि पूर आला तर पैसे जमीनमालकाच्या खात्यात जातात. चांगला मालक असेल तर तो त्यातून देतो, नाहीतर नाही. मक्त्याचे पैसे आगाऊ घेतलेले असतात, ते परत मिळत नाहीत. आपल्याकडे हे व्यवहार तोंडीच होतात, कारण लेखी केलं तर कूळ लागेल ही भीती मालकाला असते. ती भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण तिच्यावर मार्ग काढता येतो. आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये कायदा करून मक्त्याने शेती करणाऱ्यांना अकरा महिन्यांचं पीक-हक्क कार्ड देण्याची व्यवस्था केली. त्या कार्डाने जमिनीवर हक्क लागत नाही, पिकावर लागतो. अंमलबजावणीत तिथेही मालकांची संमती मिळवण्याचे खटके उडाले, पण निदान सरकारच्या कागदावर तो माणूस दिसला. बिहारमध्ये पीकनुकसानीच्या अनुदानात गैररयत, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या, शेतकऱ्यांना अर्ज करता येतो. महाराष्ट्र, ज्याने 1977 मध्ये देशाला रोजगार हमीचा कायदा दाखवला, तो याबाबतीत मागे का राहावा?

आणि बाया. या मुद्द्यावर मी थोडा थांबणार आहे.

2006 मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले आणि शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहांत आपला बुलढाणा होता. तेव्हापासून आत्महत्याग्रस्त कुटुंबांच्या घरी पुढारी गेले, पत्रकार गेले, आम्हीही गेलो. त्या घरांतल्या कित्येक बायका आज शेती करतात. पहाटे उठून फवारणीचा पंप पाठीवर घेतात. पण सातबारा? तो सासऱ्याच्या नावावर, किंवा नवरा आणि चार दीर-नणंदा यांच्या सामाईक नावावर. सामाईक खात्यात मदत एकाच्या खात्यावर टाकायची तर बाकीच्यांची संमतीपत्रं लागतात. एक दीर सुरतेला, एक नणंद जळगावला, एकाशी बोलणं बंद. तीन एकरांची मदत आली असेल वीस हजार, आणि ती मिळवायला सगळ्यांच्या सह्या गोळा करत हिंडायचं. काही बायका हिंडतात, बऱ्याच सोडून देतात. वारसनोंद करून घ्यावी तर बहिणींची नावं लागतात म्हणून घरातले पुरुष ती पुढे ढकलत राहतात. मेलेल्या माणसाचं नाव सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं तसंच, आणि मेलेल्या माणसाचा अंगठा कुठल्याच यंत्रावर उमटत नाही.

चांदवडच्या 1986 च्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्या, असं शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांनाच सांगितलं आणि कित्येक गावांनी ते ऐकलंही. विदर्भात त्याचे साक्षीदार आहेत, या सभागृहातही असतील. ज्या घरांनी तेव्हा ते केलं, त्या घरातल्या बाईला आज संमतीपत्रं गोळा करावी लागत नाहीत. चळवळीचं फळ चाळीस वर्षांनी असं दिसतं.

आता पैसे येण्याची वाट. पूर्वी तहसीलकडून बँकेला याद्या जायच्या. 2023 पासून पैसे थेट खात्यात येतात. यादीत नाव आलं की विशिष्ट क्रमांक मिळतो, तो घेऊन सेतू केंद्रात जायचं, आधार पडताळणी करायची, मग पैसे जमा. कागदावर पद्धत चांगली आहे. पण आयुष्यभर विळा-खुरपं चालवलेल्या बोटांवर रेषा राहत नाहीत. म्हातारी माणसं यंत्रावर बोट ठेवतात, पुसतात, परत ठेवतात, आणि केंद्रातलं पोरगं सांगतं, ‘आजी, अंगठा उठत नाही, उद्या या.’ कधी पोर्टल बंद असतं, कधी आधारला जोडलेलं खातं दुसऱ्याच बँकेत निघतं. अलीकडे ज्यांनी शेतकरी ओळख क्रमांक काढला आहे त्यांना ही पडताळणी माफ केली आहे, हे बरं झालं. पण ओळख क्रमांकही सातबाऱ्यावरच निघतो, म्हणजे बटईदार आणि वारसनोंद न झालेली बाई पुन्हा बाहेरच.

पैसे जमा झाल्यावर बँकेने ते कर्जात वळते करू नयेत असं शासन निर्णयांत लिहिलेलं असतं. तरी खातं होल्डवर टाकल्याच्या तक्रारी दर हंगामात येतात. पीकविम्याबद्दल एवढंच सांगतो: 2025 च्या खरिपापासून स्थानिक आपत्तीची वैयक्तिक तक्रार करून भरपाई मिळण्याची सोय गेली, आता पीककापणी प्रयोगावर मंडळाचं सरासरी उत्पादन पाहिलं जातं. त्यामुळे एकट्याच्या वावराचं नुकसान दाखवणारा सरकारी कागद आता पंचनाम्याखेरीज फारसा उरलेला नाही. म्हणूनही मी त्यावर इतका भर देतो आहे.

कागद असा झाकून राहण्याचा दुसरा परिणाम आपल्या शेजारीच झाला. जालना जिल्ह्यातल्या अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टी अनुदानाच्या याद्यांत बनावट नावं घुसवून कोट्यवधी रुपये लाटल्याचा प्रकार 2025 मध्ये उघड झाला, तलाठ्यांवर निलंबनाची कारवाई झाली, गुन्हे नोंदले गेले. देऊळगाव राजाची हद्द ओलांडली की जालना जिल्हा लागतो. संगणकावर यादी बनली म्हणजे ती खरी असते असं नाही. यादी खरी आहे की नाही हे गावालाच कळतं, कारण कोणाचं वावर कुठे आहे आणि त्यात काय पेरलं होतं हे गावाइतकं कोणालाच ठाऊक नसतं. पण यादी गावापुढे वाचली जात नाही. ती कार्यालयाच्या फलकावर लावली जाते, बारीक अक्षरांत, आणि दोन पावसांत भिजून जाते.

मग मागणी काय करायची? रोजगार हमी कायद्याने एक मोठी गोष्ट केली होती. मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. वि. स. पागे यांची ही रोजगार हमीची कल्पना साधीच होती, पण तिने सरकारच्या मर्जीला तारीख लावली. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यातही तेच तत्त्व आहे: ठरलेल्या मुदतीत सेवा, अपिलाची सोय, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड. आपत्तीच्या मदतीलाही असंच बांधून घ्यावं, अशी माझी मागणी आहे. पंचनामा झाला त्या दिवशी त्याची सही-शिक्क्यानिशी प्रत शेतकऱ्याच्या हातात. पंधरा दिवसांत ग्रामसभेत नावनिशीवार वाचन आणि हरकती. त्यानंतर ठरलेल्या दिवसांत पैसे, आणि उशीर झाला तर व्याज. दर कायद्यात लिहिलेला, महागाईशी जोडलेला, म्हणजे त्यासाठी दरवर्षी पॅकेजची वाट पाहावी लागणार नाही. यातलं पहिलं काम, प्रत देण्याचं, उद्या सकाळपासून करता येईल. त्याला नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचं एक परिपत्रक पुरेल.

कोणी म्हणेल, प्रत दिली तर तंटे वाढतील, तक्रारींचा ढीग पडेल. पडू द्या. आज जे अन्याय होतात ते शांततेत होतात म्हणून कमी होत नाहीत. तक्रार कागदावर आली तरच ती सोडवता येते.

सरकारने परिपत्रक काढेपर्यंत आपण थांबायचं का? माझं म्हणणं, नाही. भेंडवळची घटमांडणी ऐकायला अक्षय्य तृतीयेच्या वेळी आपण दुरून जातो, पाऊस कसा राहील ते विचारतो. तेवढ्याच आस्थेने त्या आठवड्यात आपला सातबारा काढून पाहावा. पीक नोंदलं आहे का, मेलेल्याचं नाव आहे का, घरातल्या बाईचं नाव आहे का. वारसनोंदीचा अर्ज या उन्हाळ्यातच द्या, पुराची वाट पाहू नका. पुढच्या वेळी बांधावर कर्मचारी येतील तेव्हा त्यांना पाणी द्या, बसायला जागा द्या, आणि सही करण्याआधी कागद वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्या. जमीन खरडली असेल तर ‘जमीन खरडली’ असं लिहायला लावा. सही केल्यावर मोबाईलवर त्या कागदाचा फोटो काढा. कोणी नाही म्हणालं तर त्याचं नाव, पद आणि तारीख लिहून ठेवा. आणि या मेहकर तालुक्यातल्या सरपंचांना माझी हात जोडून विनंती आहे: पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय घाला. अनुदानाची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जाईल, असा ठराव मांडा, मंजूर करा, आणि त्याची प्रत तहसीलदारांना द्या. या सभागृहात आज जितके सरपंच आहेत त्यांनी घरी जाण्याआधी आपलं नाव कार्यकर्त्यांकडे नोंदवावं. पुढच्या वर्षी याच मंचावरून त्या गावांची नावं वाचली जावीत.